बोदलकसाचा तलाव आणि अब्बांचे बॅगाटेल

गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. याची खात्री करून घ्यायची असेल तर पावसाळा सरल्यावर, धान कापणीला येण्याच्या सुमारास तिरोड्याकडे यावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, बांध्यांच्या वर एखादी बोडी, बोडीच्या वर तलाव आणि तलावाच्या मागे जंगल अशी रचना पुन्हा पुन्हा दिसते. तिरोडा हे हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरचे स्टेशन आहे. तेथून सुकडी-डाकरामच्या बाजूने जंगलाकडे वळले की शेती मागे पडते, साग, मोह आणि तेंदूची झाडे सुरू होतात आणि मग एकाएकी समोर पाणी दिसते. हाच बोदलकसाचा तलाव.

तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि एका बाजूला मातीची लांब पाळ. ही पाळ 1917 साली बांधून झाली. तेव्हा गोंदिया हे मध्य प्रांतात होते. पुढे ते मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आले. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. राज्ये आणि जिल्हे बदलत गेले, पण पाणी त्याच पाळीने अडवले आणि त्याच कालव्याने खालच्या बांध्यांत सोडले. जवळच नागझिऱ्याचे अभयारण्य आहे. ते 1970 साली जाहीर झाले आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित बदकांचे थवे उतरतात. सकाळी धुके असले की पक्षी दिसत नाहीत, नुसता आवाज येतो.

आम्ही भावंडे दरवर्षी हिवाळ्यात दोन दिवस येथे एकत्र येतो. अब्बा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे याच भागात गेली. पाऊस ओढ धरायचा तेव्हा कोणत्या गावाच्या पाळीला किती पाणी सोडायचे, कालव्याची फूट कोठे बुजवायची, दरवाज्याच्या आट्याला ग्रीस कधी लावायचे, हे त्यांचे काम. सायकलवर मागे लाकडी पेटी आणि पेटीत एक वही असे. आमच्या लहानपणी बोदलकसा म्हणजे अब्बांची सायकल, अम्मीने बांधून दिलेला डबा आणि रात्री कंदिलाच्या उजेडात खेळायचे बॅगाटेल.

आजच्या मुलांना बॅगाटेल सांगून कळत नाही, दाखवावे लागते. साधारण अडीच फूट लांब आणि सव्वा फूट रुंद लाकडी पाट. वरची कड कमानीसारखी गोल. पाटावर ओळीने आणि गोलाकार ठोकलेले पितळी खिळे, मध्ये मध्ये गोटी अडकेल अशा वाट्या आणि त्यांच्यापुढे आकडे. उजव्या बाजूला एक अरुंद गल्ली. तिच्या तळाशी स्प्रिंगचा दट्ट्या असतो. दट्ट्या मागे ओढून सोडला की पोलादी गोटी गल्लीतून वर जाते, कमानीला वळसा घालते आणि खिळ्यांना आपटत टणटण आवाज करत खाली येते. वाटीत बसली तर गुण, नाही तर तळाला. दहा गोट्यांची बेरीज करायची आणि पाट पुढच्याकडे सरकवायचा.

आमचा पाट साधा नाही. 1983 साली गोंदियातल्या एका क्लबाचे जुने सामान लिलावात निघाले, त्यातून अब्बांनी तो घेतला. त्याच्या माथ्यावर इंग्रजीत पुसटसे ‘कोरिंथियन’ असे लिहिलेले आहे. या नावाची बॅगाटेल 1930 च्या दशकात लंडनमध्ये तयार होत असत. म्हणजे पाट अब्बांपेक्षाही वयाने मोठा. नंतरच्या काळात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत हलक्या प्लायवूडची, लोखंडी खिळ्यांची बॅगाटेल पुष्कळ मिळत. तीही आता दिसेनाशी झाली आहेत. इतक्या जुन्या बनावटीचा, सर्व खिळे जागेवर असलेला पाट तर आमच्या ओळखीत दुसऱ्या कोणाकडेही नाही.

या खेळाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. फ्रान्सच्या राजाच्या भावाने 1777 साली पॅरिसजवळ ‘बागातेल’ नावाचा छोटा महाल बांधला. तेथल्या मेजवानीत बिलियर्डसारखा एक खेळ मांडला होता आणि त्यालाच महालाचे नाव पडले, असे सांगतात. तेव्हा चेंडू काठीने ढकलत असत. 1871 साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी स्प्रिंगच्या दट्ट्याचे पेटंट घेतले आणि काठी गेली. 1931 साली गॉटलिब यांच्या ‘बॅफल बॉल’ या यंत्राने हा खेळ अमेरिकेच्या दुकानादुकानांत नेला. मंदीचे दिवस होते. एका पेनीत पाच-सात गोट्या मिळत आणि बेकार माणसाचा थोडा वेळ बरा जाई. पुढे त्यात वीज आली, दिवे आले, घंटा आली. 1947 साली ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात बटण दाबून गोटी परत वर उडवणारे फ्लिपर आले आणि आज ज्याला पिनबॉल म्हणतात तो खेळ पुरा झाला. इकडे जपानमध्ये कोरिंथियन बॅगाटेलपासूनच पाचिंको जन्माला आले. आमच्या पाटाची भावकी अशी जगभर पसरलेली आहे.

घरात मात्र या पाटावरून एक वाद बरीच वर्षे होता. आमच्या खालाजान म्हणायच्या, “ये किस्मत का खेल है. जुआ ऐसे ही शुरू होता है.” अब्बांनी त्यांना कधी उलट उत्तर दिले नाही. त्यांनी दोन नियम घातले. पाटावर पैसा काय, चिंचोकासुद्धा लावायचा नाही आणि अजान झाली की गोटी जेथे असेल तेथे राहील. खालाजानची शंका काही अडाणीपणाची नव्हती. न्यू यॉर्क शहराने 1942 मध्ये याच शंकेने पिनबॉलवर बंदी घातली आणि महापौर ला ग्वार्डिया यांनी यंत्रे हातोड्याने फोडली. ती बंदी 1976 साली उठली. रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने नगरपालिकेच्या सभासदांपुढे यंत्र चालवले आणि गोटी कोठल्या वाटेने जाईल ते आधी सांगून तशीच पाठवून दाखवली. खेळात नशिबाबरोबर हातही आहे, हे सभासदांना पटले. आपल्याकडे महाराष्ट्रात लागू असलेल्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळलेले आहे.

आमच्यात दोघे शिक्षक आहोत, त्यामुळे हा प्रश्न वर्गातही येतो. प्रत्येक खिळ्यावर गोटी डावीकडे किंवा उजवीकडे जाणार. एकाखाली एक अशा दहा ओळी असतील तर तिच्यापुढे 1024 वाटा असतात. अगदी कडेच्या खणात जाणारी वाट एकच, मधल्या खणात जाणाऱ्या 252. म्हणून गोट्या मध्ये ढिगाने साचतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी खिळ्यांच्या पाटावर हेच दाखवले. फळ्यावर हे गणित मांडले की मुले जांभया देतात. खिळे ठोकलेली फळी आणि मूठभर मोहरीचे दाणे समोर ठेवले की शेवटच्या बाकावरचा मुलगाही उठून पुढे येतो. खालाजाननाही आम्ही हे करून दाखवले होते. त्या म्हणाल्या, “हिसाब ठीक है. पैसा नहीं लगाना.” वाद तेथेच मिटला. त्यांचे म्हणणे राहिले आणि खेळही राहिला.

खरा पेच आला तो अब्बांच्या इंतकालनंतर. घर, शेत आणि बँकेतले पैसे यांचे हिस्से शरीअतप्रमाणे झाले. त्यात कोणाची तक्रार नव्हती. पण पाटाचे हिस्से कसे करणार? नागपूरच्या धाकट्याच्या फ्लॅटमध्ये तो ठेवायला जागा नव्हती. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने चांगली किंमत सांगितली होती आणि धाकट्याचे म्हणणे होते, “विकू आणि पैसे वाटून घेऊ. सगळ्यांना सारखं.” चंद्रपूरच्या आपाला ते ऐकवेना. भाईजान म्हणाले, मी मोठा, माझ्याकडे राहू दे. बोलता बोलता पाट बाजूला राहिला आणि जुन्या गोष्टी निघाल्या. अब्बांच्या आजारपणात कोण किती वेळा आले, तेही निघाले. त्या वर्षी ईदला सगळे जमलो, पण शीरखुर्मा पिऊन जो तो लवकर निघाला.

मग हिवाळ्यात आपाने सगळ्यांना बोदलकसाला बोलावले. पाटही आणायला लावला. पाळीवर चालताना अब्बांच्या हाताखाली काम केलेले एक म्हातारे चाचा भेटले. ते झाडीबोली बोलणारे, वयाने ऐंशीच्या घरातले. त्यांनी पाळीवरून फिरवत आम्हाला अब्बांचे काम दाखवले. पाळीवर झाड मोठे होऊ द्यायचे नाही, कारण मूळ मेले की तेथे पोकळी होते आणि पाणी वाट शोधते. उंदीर-खेकड्यांची बिळे दिसली की लगेच माती दाबून भरायची. दरवाजा गरज नसली तरी अधूनमधून फिरवायचा, नाही तर गंजून बसतो. सांडव्यापुढची वाट मोकळी ठेवायची. “साहेब म्हणत, तलाव कोनाचा ते सरकार जाने. बीळ दिसला त तो आपला,” चाचा म्हणाले.

तलाव कोणाचा, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. गोंड राजांच्या काळापासून येथे कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. नवेगावबांध हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध, कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला. या तलावांचे शब्दही येथलेच आहेत. पाणी सोडायच्या तोंडाला तुडूम म्हणायचे आणि जादा पाणी जाते त्या जागेला सलांग. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या नावावर गेले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. मालगुजारी नष्ट करणारा कायदा 1950 साली झाला आणि तलाव सरकारकडे आले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा मालगुजार गेला हे उत्तमच झाले. पण उन्हाळ्यात गाळ उपसायचा, पाळ दुरुस्त करायची, तुडूम साफ करायचे ही गावाने मिळून करायची कामे मागे पडत गेली. मालक बदलल्याचा कागद झाला, बीळ कोण बुजवणार याचा झाला नाही. कित्येक तलावांत गाळ भरला आणि बेशरमची झुडपे माजली. अलीकडे अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांनी, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर, काही तलावांतली बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव त्यांच्या नावावर नाहीत. मासे मात्र त्यांच्या पोटापाण्याचे आहेत आणि तेवढे कारण त्यांना पुरले.

त्या रात्री जेवणानंतर आपाने अब्बांच्या पेटीतली वही काढली. आम्हाला वाटले कालव्याची असेल. ती पाटाची होती. कालव्याच्या नोंदी ठेवतात तसे रकाने आखलेले: तारीख, काय बिघडले, काय केले, कोणाच्या हातून. पहिली नोंद 1983 ची, उर्दूत. शेवटची त्यांच्या आजारपणातली, अक्षर हललेले. मधल्या पानांवर आमची सगळ्यांची नावे होती. ‘स्प्रिंग सैल, सायकलच्या दुकानातून दुसरी आणली, धाकट्याने बसवली.’ ‘तिसऱ्या वाटीचा खिळा वाकला, आपाने सरळ केला.’ धाकटा ती पाने उलटत राहिला. मग त्यानेच विचारले, “पुढची नोंद कोण लिहिणार?”

ठरले असे. पाट कोणाच्याच मालकीचा नाही, अमानत आहे. प्रत्येकाने एक वर्ष सांभाळायचा. वर्षभर मुलांनी खेळायचे, जे बिघडेल ते त्याने दुरुस्त करायचे, वहीत लिहायचे आणि हिवाळ्यात बोदलकसाला आणून पुढच्याच्या हवाली करायचा. न विकण्याचे एकमत झाले. पहिली पाळी धाकट्याने मागून घेतली. त्याच्या फ्लॅटमध्ये पाट दिवाणाखाली मावला. वर्षभरानंतर त्याने वही दिली तेव्हा तिच्यात सात नोंदी होत्या.

असा जुना खेळ ज्यांच्या घरी असेल त्यांच्यासाठी या वहीतल्या काही गोष्टी येथे देतो. पाट उभा भिंतीला टेकवून ठेवू नये, लाकूड वाकते. आडवा, सपाट, उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवावा. पावसाळ्यात सुती चादरीत गुंडाळावा, प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. खिळा वाकला तर पकडीच्या तोंडाला फडके गुंडाळून हळूच सरळ करावा. सैल झाला तर काढून भोकात काडीपेटीच्या काडीची कपची थोड्या गोंदासह घालावी आणि तोच खिळा पुन्हा ठोकावा. नवा घालायचा झाला तर त्याच जाडीचा, पितळेचाच. दट्ट्याला तेल घालू नये, धूळ धरून तो अडकतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते. गोट्या दर वर्षी बोटाने चाचपाव्यात. खरखरीत झालेली गोटी पाट ओरखडते, ती बदलावी. तेवढ्या मापाच्या पोलादी गोट्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. खेळण्याआधी पाट डावी-उजवीकडे कलला नाही ना, हे मिस्त्रीच्या पाणसळीने पाहावे. पुसट झालेल्या आकड्यांवर नवा रंग फासू नये. त्यांचा कागद करून जवळ ठेवावा.

ज्यांच्याकडे विजेवर चालणारे जुने पिनबॉल यंत्र आहे त्यांचे काम याच्या दसपट. त्यात गुंडाळ्या, रिले आणि शेकडो संपर्क-पट्ट्या असतात. पट्ट्यांवर काजळी धरली की गुण मोजले जात नाहीत. त्या बारीक कानशीने हलकेच घासायच्या, सँडपेपर लावायचा नाही. रबराच्या कड्या सुकून तडकतात, त्या बदलायच्या. अमेरिकेची यंत्रे सुमारे 115 व्होल्टची, आपली वीज 230 ची. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर पहिल्याच दिवशी गुंडाळी जळते. आणि महत्त्वाचे म्हणजे यंत्र बंद ठेवून टिकत नाही. चाचांनी तलावाच्या दरवाज्याबद्दल सांगितले तेच येथेही. अधूनमधून चालवावे लागते.

बोदलकसाला यायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवास तलावाच्या काठीच आहे. निघण्यापूर्वी त्याची चौकशी करून घ्यावी. गरम कपडे आणावेत, जंगलातली थंडी बोचरी असते. पाळीवर चालावे, पण कचरा टाकू नये आणि पाण्यात उतरू नये.

यंदा पाट आपाकडून भाईजानकडे जायचा आहे. आपाच्या मुलीने आधीच कळवले आहे की डावीकडच्या वाटीचा एक खिळा तिने स्वतः बसवला असून त्याची नोंदही तिने मराठीत करून ठेवली आहे.